साइटमॅपमधला मानपान

माहेरी आणि सासरी, दोन्ही घरांत वेबसाइटची फाइल स्वतःच्या हातानं लिहिणारी मी पहिली बाई आहे. ही गोष्ट कोणी विचारली नाही तरी मी सांगते. सासर यवतमाळचं, पिढ्यान्‌पिढ्या नोकरदार. टेबल, टपाल, आवक-जावक यांत मुरलेली माणसं. माहेर फुलसावंगीचं, कापूस, सोयाबीन आणि तूर. सासरच्यांना वाटायचं हे माहेरचं खूळ आहे, माहेरच्यांना वाटायचं हे सासरचं शहाणपण आहे. खरं म्हणजे ते माझं एकटीचं होतं. मुलं शिकायला बाहेर गेली, दुपारचं घर रिकामं झालं, आणि मी मोबाइलवर व्हिडिओ बघून साधी पानं बनवायला शिकले. काही चुकलं की मला राग यायचा, आणि राग आला की ते दुरुस्त झाल्याशिवाय मी जागची उठायची नाही. आमचे हे म्हणायचे, "तुला कोणी शिकवलं नाही, तुझ्या रागानं शिकवलं." यात खोटं काही नाही.

मी बनवते ती साइट अगदी साधी असते. तिच्यामागे मोठी यंत्रणा नाही, लॉगिन नाही, काही नाही. एकेक पान म्हणजे एकेक फाइल. लिहायची आणि चढवायची. भिंतीवर चुन्यानं लिहिल्यासारखं. पुन्हा जाऊन पुसेपर्यंत ते तसंच राहतं.

पहिली खरी साइट केली ती वहिनीसाठी. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. तिच्या सरगुंड्यांना आमच्या पंचक्रोशीत तोड नाही. विदर्भाबाहेरच्या लोकांना सांगावं लागतं म्हणून सांगते: रव्या-मैद्याची कणीक खूप तिंबायची, तिची बारीक दोरी ओढत ओढत पातळ काडीवर गुंडाळत जायची, काड्या बाजेवर सुकत टाकायच्या, आणि जराशी सुकली की काडी अलगद ओढून घ्यायची. उरते ती वेटोळ्यांची पोकळ नळी. उन्हाळ्यात लेकी-जावई पाहुणचाराला आले की सरगुंडे उकडून आमरसासोबत वाढतात. ज्यानं खाल्ले नाहीत त्याच्याशी मी वाद घालत नाही.

वहिनीनं वाळवणाचं काम सुरू केलं तेव्हा तिच्यासोबत आणखी तिघी होत्या. एक आमची काकू, बाबांच्या धाकट्या भावाची बायको, तिच्या मुंगवड्या. आणि मागच्या गल्लीतल्या दोघी सख्ख्या जावा. थोरलीच्या कुरडया, धाकटीचे धापोडे, म्हणजे ज्वारीचे पापड. या दोघी जावांचं एकमेकींशी पटत नाही हे गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. पण दोघींच्या हाताला चव आहे, त्यामुळे दोघीही हव्यात असं वहिनी म्हणाली आणि तिनं त्या दोघींना एका बाजेच्या दोन टोकांना बसवलं.

तर चौघींची चार पानं आणि एक पहिलं पान, अशी साइट झाली. फोटो मी काढले. मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला. साइट चढवली आणि आम्ही वाट बघत बसलो. कोणी येईना. येणार कसं? इंटरनेटवर आमचं घर आहे हे कोणाला माहीतच नव्हतं. मग मला कळलं की साइटमॅप नावाची एक फाइल करावी लागते. नवा पोस्टमन गावात आला की कोणीतरी त्याच्यासोबत हिंडून घरं दाखवतं ना, ते काम ही फाइल करते. शोध घेणाऱ्या इंजिनाचा रोबोट येतो, ही फाइल वाचतो, आणि कोणती पानं कुठं आहेत, कोणतं कधी बदललं, हे त्याला कळतं.

फाइल हातानं लिहिता येते, पण मी छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती स्क्रिप्ट फोल्डरमधून फिरते, दिसेल त्या पानाचा पत्ता टिपते, आणि शेवटी साइटमॅप तयार करून ठेवते. पहिल्यांदा ती चालली तेव्हा मी एकटीच घरात टाळ्या वाजवल्या. मग फाइल उघडून बघते तर सगळे पत्ते माझ्याच लॅपटॉपचे! म्हणजे साऱ्या दुनियेला निरोप गेला असता की सरगुंडे पाहिजेत तर माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर या, लॅपटॉप तिथंच आहे. ते दुरुस्त केलं. दुसऱ्यांदा त्यात एक भलतंच पान निघालं. अक्षरं नीट दिसतात का हे बघायला मी एक चाचणीचं पान केलं होतं आणि त्यात लिहिलं होतं, "आज भाजीत मीठ जास्त झालं." स्क्रिप्टनं तेही इमानेइतबारे यादीत घातलं. मग स्क्रिप्टला सांगावं लागलं की बाई, हे पान सोड. कोणती पानं घ्यायची, कोणती वगळायची, हे सगळं मी एकेक करून तिला शिकवलं. आपल्या हाताखाली कोणी इतकं ऐकून घेणारं आहे याचं मला फार सुख वाटलं. घरात तसं कोणी नव्हतं.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला कौतुक करून घ्यायचं होतं. लॅपटॉप घेऊन मी फुलसावंगीला गेले आणि चौघींपुढं ती फाइल उघडली. त्यात प्रत्येक पानापुढं एक आकडा असतो; हे पान किती महत्त्वाचं, ते सांगणारा. सर्वांत वरचा आकडा एक. मी पहिल्या पानाला एक दिला होता, वहिनीच्या पानाला त्याच्या खालचा, आणि बाकीच्यांना आणखी खालचा, अर्धा. थोरली जाऊ सातवीपर्यंत शिकलेली. तिनं चष्मा वर केला.

"ताई, हे आकडे कायचे व्हयत?"

मी सांगितलं.

"म्हंजे माही कुरडई अर्धी? आन सरगुंड्याले एवढं?"

धाकटी जाऊ लगेच म्हणाली, "मले तं तुह्याएवढंच देल्लं. म्हंजे मी बी अर्धीच."

"तुले माह्याएवढं काहून देल्लं पण?" थोरली म्हणाली.

काकू गप्प होती. काकू गप्प असली की समजावं, ती घरी जाऊन बोलणार आहे. आमच्याकडे लग्नात हे असंच असतं. पत्रिकेत कोणाचं नाव वर, कोणाचं खाली. कोणत्या जावेला कोणतं लुगडं. कोणाला हळदीला आधी बोलावलं. यावरून बोलणं बंद झालेली घरं मी नावानिशी सांगू शकते, पण सांगणार नाही. म्हणून आमच्याकडे शहाणी बाई आहेर घेताना एकाच ताग्यातून सगळ्या जावांना सारखी लुगडी काढते. मीही तेच केलं. तिथल्या तिथं सगळ्यांना एकच आकडा देऊन टाकला.

मग तारखेचा प्रश्न आला. प्रत्येक पानापुढं ते शेवटचं कधी बदललं याची तारीख असते. वहिनीच्या पानावर मी नवा फोटो लावला होता, त्यामुळे तिची तारीख ताजी, बाकीच्यांच्या जुन्या. "आमचा माल शिळा हाये असं वाटते ना लोकायले," असं धाकटीनं म्हटलं आणि यावर मात्र दोघी जावांचं एकमत झालं. हा चमत्कार बघून मी इतकी खूश झाले की स्क्रिप्टमध्ये एक ओळ बदलली: फाइल जेव्हा जेव्हा तयार होईल तेव्हा सगळ्या पानांवर त्या दिवसाची तारीख. झालं. सगळ्या सारख्या, सगळ्या ताज्या. काकूनं मला चहा करून दिला. परतताना बसमध्ये मला वाटत होतं, गावकीचं भांडण आणि कॉम्प्युटर, दोन्ही सांभाळणारी माझ्यासारखी मीच.

त्या उन्हाळ्यात सरगुंडे थोडेच केले होते. ते संपले. वहिनीनं फोन करून सांगितलं, "ताई, लिवून टाका, संपले म्हणून. कोणाले खोटी आस नको." मी तिच्या पानावर लिहिलं, "यंदाचे सरगुंडे संपले. पुढच्या उन्हाळ्यात नक्की मिळतील." वर्षभर मी साइटवर काही ना काही करत राहिले. कुठं स्वल्पविराम, कुठं रंग, कुठं फोटो लहान-मोठा. दरवेळी स्क्रिप्ट चालायची, दरवेळी सगळ्या पानांवर नवी तारीख पडायची.

पुढच्या वर्षी कापूस विकून झाला आणि कापसाची खोली रिकामी झाली. ही खोली रस्त्याच्या बाजूला आहे, पक्की, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, दोन्हीकडून वारा. वहिनीच्या डोळ्यांपुढं ती खोली कधीची होती. अंगणात वाळवण टाकलं की धूळ, कोंबड्या, अवकाळी पावसाची भीती. खोली मिळाली तर बारमाही काम होईल, आणखी बायांना घेता येईल, असं तिचं गणित. पण खतं-बियाणांच्या एका दुकानदारानं तीच खोली गोदामासाठी भाड्यानं मागितली होती, आणि बाबांना तो सौदा आवडला होता.

माझे बाबा वाईट माणूस नाहीत. पण बाबांच्या मते काम म्हणजे शेतातलं. घरात बसून करतात ते काम नव्हे, ती आवड. आमचा दादा बाप आणि बायको यांच्यामध्ये पडणारा माणूस नाही; असा विषय निघाला की त्याला नेमकी शेतातल्या वखराची आठवण येते. त्यामुळे वहिनी स्वतःच बोलली. डोक्यावर पदर घेऊन, दाराच्या चौकटीशी उभं राहून. मी तेव्हा तिथं होते.

"मामाजी, खोली आमाले द्या. एक उन्हाळा पाहा."

बाबा म्हणाले, "गेल्या साली कोणाले इकले तुमी? सोयऱ्याधायऱ्यायले. सोयऱ्यायनं घेतलं ते इकणं नसते, सूनबाई. ते मन राखणं असते."

"यंदा बाहेरचे लोक घेतीन."

"घेऊ दे. आंब्याचा रस चालू हाये तोवर खोली वापरा, मी पायतो. कोण्या गावचा कोण, आपल्याले वळखत नाई, असा माणूस मांगन तं खोली तुमची. नाई तं मिरगाच्या आंधी दुकानदार येऊन राह्यला, त्याले देतो."

वहिनी "हो" म्हणाली आणि आत गेली. मी मागोमाग गेले तर ती चुलीपुढं बसून नुसती राख सारखी करत होती. ती मला म्हणाली, "ताई, लगन होऊन आली तवापासून या घरात मी काई मांगतलं नाई. हे पयलं व्हय." खोली तिला मिळालीच पाहिजे, असं मी मनात पक्कं केलं.

सरगुंडे तयार झाले. मी वहिनीचं पान नव्यानं लिहिलं: सरगुंडे तयार आहेत, फोन करा, घरपोच पाठवतो. फोटो असा काढला की बघणाऱ्याला भूक लागावी. साइट चढवली. आणि फोन वाजेना. आंबे बाजारात आले, गावात रसाच्या पंगती सुरू झाल्या, तरी वहिनीचा फोन गप्प. वाजला की ती हात पुसत धावायची, आणि तिकडून कोणीतरी कर्ज पाहिजे का म्हणून विचारायचं.

अशातच बाबा उमरखेडच्या बाजारात गेले. घरच्या कोणाच्या फोनवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांना वाटायचं, आपल्या फोनवर आपलंच दिसणार. म्हणून तिथं हळद विकायला आलेल्या एका अनोळखी माणसाजवळ ते बसले आणि त्याला म्हणाले, भाऊ, तुमच्या मोबाइलात सरगुंडे पाहा बरं, कुठी भेटतात. त्यानं पाहिलं. आमचं नाव वर आलं, गावासकट आलं. खाली लिहिलं होतं, "यंदाचे सरगुंडे संपले."

बाबा घरी आले, पाय धुतले आणि ओसरीवरूनच म्हणाले, "सूनबाई, तुमचं दुकान तं तुमीच बंद करून ठेवलं. दुनियेले सांगून राह्यले का माल संपला. आन अथी बाजा भरून हायेत."

वहिनीनं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज कोरडा होता. बाजारात झालेलं तिनं सांगितलं, पण माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी रागानं लालबुंद झाले. रोबोटवर, इंटरनेटवर, हळदवाल्या माणसावर, कोणावर ते मलाच कळत नव्हतं. मी पान उघडून बघितलं. पान बरोबर होतं, "तयार आहेत" असंच होतं. मग शोधाच्या यादीत बघितलं. तिथं गेल्या वर्षीचाच मजकूर. साइटच्या मालकांसाठी एक जागा असते, तिथं रोबोट शेवटचा कधी येऊन गेला ते कळतं. तिथं गेले. वहिनीच्या पानाकडं तो कित्येक महिन्यांत फिरकलाच नव्हता. नवी तारीख आम्ही रोज ओरडून सांगत होतो आणि तो ऐकत नव्हता.

आमचे हे ऑफिसातून आले तेव्हा स्वयंपाक झाला नव्हता आणि मी मदतीची पानं वाचत होते. तिथं स्पष्ट लिहिलं होतं. तारीख खरी असेल तरच ती मानली जाते. पान बदललेलं नसताना तारीख बदलत राहिली की त्या साइटच्या तारखांकडं लक्ष देणं बंद होतं. आणि तो महत्त्वाचा आकडा, ज्याच्यावरून थोरल्या जावेनं चष्मा वर केला होता, तो तर पाहिलाच जात नाही! एवढा मानपान सांभाळला आणि ज्या रोबोटसाठी तो आकडा होता त्यानं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मला आधी हसू आलं आणि मग परत राग आला.

पण मला ते पटलं. एखाद्याला रोज निरोप धाडायचा की स्वयंपाक झाला, या, आणि आला की रिकाम्या पाटावर बसवायचं. किती दिवस येईल तो? ज्या दिवशी खरोखर पुरणपोळी केली त्या दिवशी तो कशाला उठेल?

दुसऱ्याच दिवशी मी फुलसावंगी गाठली. दारं लावून बदल केला असता तर कोणाला कळलंही नसतं. पण ते मला बरं वाटेना. ज्यांच्यासमोर सारखं वाटलं होतं, त्यांच्यासमोरच वेगळं करायला पाहिजे होतं. चौघी त्याच रिकाम्या खोलीत बसल्या होत्या, आणि बाजांवर सरगुंडे तसेच पडून होते. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "आता प्रत्येकीची तारीख खरी टाकावी लागेल. ज्या दिवशी पान खरंच बदललं, त्या दिवसाची. वहिनीची ताजी येईल. बाकीच्या तिघींची जुनी. आणि तो आकडा मी काढूनच टाकते, सगळ्यांचा."

धाकटी जाऊ म्हणाली, "म्हंजे आमी पुन्ना शिळ्या."

मला वाटलं, झालं, आता संध्याकाळपर्यंत हेच चालणार. वहिनी खाली मान घालून काड्या जुळवत होती. तिच्यासाठी बाकीच्यांनी कमीपणा घ्यावा हे ती स्वतःच्या तोंडानं मागणार नव्हती. ती फक्त एवढंच म्हणाली, "ताई, माह्यासाठी कोणाचं मन नका मोडू."

तेव्हा आमची काकू बोलली. जी कधी चारचौघांत बोलत नाही, ती.

"शिळ्या कायले? माही मुंगवडी माह्या सासूनं शिकवली तशीच हाये. त्यात मी रत्ती बदलली नाई. मंग तारीख कायले बदलन? जुनी टाक माह्यी. पाहीन त्याले समजन का ही बाई इकडचं तिकडं करत नाई."

थोरल्या जावेनं हे सगळं तोलून पाहिलं असावं, कारण ती एकदम म्हणाली, "मंग माह्या कुरडईची तिच्याहून जुनी टाका. माही कुरडई तं माह्या आजीची व्हय."

"माहे धापोडे कोणाचे व्हयत मंग? आभायातून पडले?" धाकटी म्हणाली.

आणि तिघींची जुन्या तारखेसाठी ओढाताण सुरू झाली. गेल्या वर्षी नवी पाहिजे म्हणून भांडल्या, आता जुनी पाहिजे म्हणून. मी पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटलं, "आजीची नाही, सासूची नाही, पान ज्या दिवशी लिहिलं त्या दिवसाची तारीख पडेल, आणि त्यात एक दिवसही इकडचा तिकडं होणार नाही." वहिनी तोंडाला पदर लावून हसली. कितीतरी दिवसांनी हसली ती.

तिथंच बसून मी स्क्रिप्ट बदलली. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला त्याची खरी तारीख स्वतः लिहिली आणि स्क्रिप्टला सांगितलं की तुझ्या मनानं काही घालू नकोस, पानात आहे तेच उचल. आकड्याची ओळ काढून टाकली. फाइल तयार झाली तेव्हा ती इतकी नीटस दिसत होती की माझी मीच बघत राहिले. पाच पत्ते, पाच खऱ्या तारखा, बस. ती चढवली, शोधाच्या इंजिनाला पुन्हा दाखवली, आणि वहिनीचं पान परत येऊन बघ अशी वेगळी विनंतीही घातली. मी काही मोठी इंजिनिअर नाही. पण ती फाइल अजूनही मला माझ्या हातच्या कोणत्याही पदार्थापेक्षा जास्त आवडते, आणि माझा स्वयंपाक काही वाईट नाही.

विनंती केली म्हणून रोबोट लगेच धावत आला असं नाही. आंबे स्वस्त होत चालले होते, म्हणजे रसाचे दिवस सरत आले होते, आणि मी यवतमाळला रोज उठून त्या मालकांच्या जागेत बघत होते. एक दिवस तिथली तारीख हलली. रोबोट येऊन गेला होता. मी शोधून बघितलं: "सरगुंडे तयार आहेत." मी ओरडलेच. आमचे हे दाढी करत होते, ते गाल अर्धा तसाच ठेवून बाहेर आले आणि म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी गेलं नाही. आलं."

पहिला फोन हैदराबादहून आला. एक बाई होती, सासर तिकडं, माहेर पांढरकवड्याचं. तिच्या घरी जावई पहिल्यांदा रसाच्या जेवणाला येणार होते आणि तिला तिथं सरगुंडे कुठं मिळेनात. मी तेव्हा सुट्टीसाठी फुलसावंगीलाच होते. वहिनीनं फोन घेतला, उभी राहिली, पदर सावरला, जणू ती बाई समोर आहे. "हो जी. हायेत जी. उद्याच्या ट्रॅव्हल्सनं टाकतो," असं म्हणत होती. बाबा ओसरीवर बसून ऐकत होते. ते उठले, आणि त्यांनी फोन मागितला.

"बाई, तुमी आमच्या कोण्या सोयऱ्याच्या?"

तिकडून ती बाई काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं, इतक्या मोठ्यानं ती बोलत होती. "नाही हो काका, मी तर तुम्हाला ओळखतच नाही. मोबाइलवर पाहिलं."

"आमच्या लेकीनं सांगतलं का तुमाले? यवतमायची हाये ती."

"कोणती लेक? काका, सरगुंडे आहेत की नाहीत, ते सांगा ना."

बाबांनी फोन वहिनीच्या हातात दिला आणि ते चपला घालून बाहेर निघून गेले. त्यानंतर नागपूरहून फोन आला, पुण्याहून आला, पुन्हा त्या हैदराबादच्या बाईच्या शेजारणीचा आला. वहिनी आता फोन वाजला की धावत नाही. हातातली काडी पूर्ण करते, मग उचलते. काकूच्या मुंगवड्याही जायला लागल्या. पण बाबा खोलीबद्दल चकार शब्द काढत नव्हते, आणि वहिनी पुन्हा विचारणार नव्हती. तिनं एकदा विचारलं होतं. तिच्या मते तेवढं पुरेसं होतं, आणि मला तिचं म्हणणं पटत होतं.

मृग तोंडावर आला. मी परत यवतमाळला निघायच्या दिवशी, सकाळीच, दारात टेम्पो येऊन थांबला. खताच्या गोण्यांनी भरलेला. दुकानदार स्वतः उतरला, सोबत दोन हमाल. त्यानं बाबांना रामराम केला आणि म्हणाला, "मालक, खोली खाली करून ठेवली ना?" आत वहिनी आणि बाकीच्या तिघी शेवटच्या काड्या गुंडाळत होत्या. मी अंगणात बॅग हातात घेऊन उभी होते. माझ्या ओठांवर शब्द आले होते, आणि माझा स्वभाव बघता ते गोड नव्हते. पण बाबाच बोलले.

"खोली खाली नाई, भाऊ."

"म्हंजे? तुमी तं म्हणलं होतं..."

"म्हणलं होतं. पण तिथं कारखाना चालू हाये."

"कायचा कारखाना? कोणाचा?"

"आमच्या सुनेचा," बाबा म्हणाले. "हैद्राबादपावतर माल जाते तिचा. वळख ना पायख, अशे लोक मांगून राह्यले."

हे त्यांनी मोठ्यानं सांगितलं. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि छाती काढून. माझ्या बाबांनी घरातल्या कोणा बाईच्या कामाला काम म्हटलेलं मी माझ्या उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. आईच्याही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते अभिमानाचं होतं. वहिनीचा, बाबांचा, आणि माझाही, माझा मी कशाला वगळू?

दुकानदार टेम्पो वळवून निघून गेला. बाबा खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. आत बाजांवर ओळीनं काड्या, आणि त्यामागं चौघी. वहिनीला सगळं ऐकू गेलं होतं. तिचे डोळे भरलेले होते, पण हात चालू होता, दोरी तुटू न देता. तिनं वर पाहिलं. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, सासऱ्याला तिनं कधी एक काम सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मामाजी," ती म्हणाली, "दरवाजा लोटा. वारा लागून ओला माल चिरून राह्यला."

आणि माझ्या बाबांनी मुकाट्यानं दार लोटून घेतलं.